पॉइंट नऊ नऊ विरुद्ध एक

आमच्या गावात तंटा होत नाही. हे मी म्हणत नाही, वेशीच्या कमानीवर तसा बोर्डच आहे. 'तंटामुक्त गाव', हिरव्या अक्षरात. भांडणं होतात, पण ती कमानीच्या बाहेर जाऊन करायची असा एक समज आहे. बोर्ड लागला आणि तंटामुक्ती समितीला काम उरलं नाही. समिती मात्र उरली. तिचे अध्यक्ष धनाजीआप्पा दर रविवारी इस्त्रीचा सदरा घालून समाजमंदिराच्या पायरीवर येऊन बसतात आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला विचारतात, "काय, समदं बरं हाय ना?"

लोक म्हणतात, "व्हय आप्पा."

आप्पांचं तोंड उतरतं.

अशा गावात शेवटी तंटा झाला आणि तो गणितावरून झाला. त्यातला एक पक्ष मी होते. मी वैष्णवी. अकरावी सायन्स. गाव राजगडाच्या पायथ्याला, पालीच्या थोडं अलीकडं. तुम्ही गडावर आला असाल तर आमच्या गावातून गेला असाल आणि 'गाव संपलं का?' असं विचारलं असेल.

झालं असं की पुण्याच्या एका संस्थेनं खेड्यातल्या मुलांसाठी 'प्रगत गणित' नावाचा कोर्स काढला. शाळेच्या पुस्तकात नसतं ते शिकवायचं. अनंत श्रेणी, सीमा, मूळ संख्यांच्या भानगडी. एप्रिलमध्ये परीक्षा. शिकवायला मेहनाज मॅडम. त्या भोरच्या. दर रविवारी स्कूटीवर कापूरव्होळ, नसरापूर, मार्गासनी असा वळसा घालून यायच्या, हेल्मेट काढायच्या आणि पाणीसुद्धा न पिता फळ्यावर लिहायला लागायच्या. मॅडम कधी रागवत नाहीत. तुम्ही चुकलात तर तेच वाक्य त्याच आवाजात पुन्हा सांगतात. त्यापेक्षा रागावलेलं परवडतं.

संस्थेची अट एकच होती. वर्ग दर रविवारी झाला पाहिजे, एकही बुडता कामा नये. बुडला तर केंद्र नसरापूरला हलवणार.

बाकीच्यांना नसरापूर चाललं असतं. मला नाही. आमच्या अंगणातून समाजमंदिराचा निळा पत्रा दिसतो, आणि दादांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, मला वर्गाला जायची परवानगी दिली ती त्या पत्र्याकडं बघून. "पत्रा दिसतोय तवर जा," म्हणाले. मी नसरापूरचंही विचारून ठेवलं होतं. दादा अंगणात उभे राहिले, नसरापूरच्या दिशेनं तोंड केलं, कपाळावर हात धरून नीट बघितलं.

"दिसत न्हाई," म्हणाले.

तो विषय तिथंच संपला. म्हणजे समाजमंदिर गेलं की माझं गणित गेलं.

आणि समाजमंदिर सावळारामकाकांना हवं होतं.

सावळारामकाका म्हणजे अमृतचे वडील. अमृत आमच्याच वर्गात, माझ्या शेजारच्या सतरंजीवर. काका ट्रेकर लोकांची सोय बघतात. शनिवारी रात्री मुक्काम, पहाटे गडावर, दुपारी उतरून पिठलं-भाकरी, आणि मग गिऱ्हाइकाला आडवं पडायला गार फरशी. गार फरशी गावात एकाच ठिकाणी आहे आणि तिथं रविवारी दुपारी आम्ही श्रेणींची बेरीज करत बसलेलो असायचो. एकदा पुण्याचे एक गृहस्थ चुकून आत येऊन मागच्या भिंतीला पाय लावून झोपले. मॅडमनी त्यांना उठवलं नाही. जाताना त्यांना गृहपाठ मात्र दिला.

तर त्या रविवारी काका दारात येऊन उभे राहिले. वर्ग कधी सुटतो ते बघायला आले होते. सहज फळ्याकडं नजर गेली. फळ्यावर लिहिलं होतं:

०.९९९... = १

काकांनी ते एकदा वाचलं. मग चप्पल काढून आत आले आणि जवळून वाचलं.

"ह्ये कुनी लिव्हलं?"

"मी," मॅडम म्हणाल्या. "यातले नऊ संपत नाहीत. कायम चालूच."

"चालू ऱ्हाऊ द्या. पन एक कसं व्हईल? जरा कमी हाय की."

"कमी नाही. बरोबर एक."

"बाई, डेअरीत एक लिटरच्या मापाला जरा कमी दूध घाला. घेतोय का बघा."

"किती कमी?" मॅडमनी विचारलं.

"जरा."

"किती जरा?"

काका हसले. मग त्यांना काहीतरी सुचलं आणि हसायचे थांबले. मला ते थांबणं आवडलं नाही.

"म्हंजी हितं पोरास्नी खोटं शिकवत्यात," ते मोठ्यानं म्हणाले. इतकं मोठ्यानं की ते आम्हाला सांगत नव्हते हे उघड होतं. "पंचायतीची जागा, आन् खोटं शिकवायला? ह्या वर्गाला जागा मिळायलाच नगं!"

अमृतनं मान खाली घातली ती इतकी की त्याची वही त्याच्या डोक्यावर आल्यासारखी दिसली.

बाहेर पायरीवर धनाजीआप्पा उठले. कितीतरी वर्षांत ते एवढ्या झटक्यात उठले नव्हते. दारात येऊन त्यांनी आवाज शक्य तेवढा साधा ठेवला.

"तंटा हाय का?"

"हाय," काका म्हणाले.

आप्पांचा चेहरा बघायला पाहिजे होता. नातू झाला तेव्हा एवढा उजळला नव्हता.

समिती जमायला वेळ लागला नाही. समितीतले सगळे वर्षानुवर्षं तयारच होते. ठकुआज्जी विणकामाची पिशवी घेऊन आल्या, कोंडिबानाना डेअरीतून तसेच हात न धुता आले. मॅडमना बसायला खुर्ची दिली, काकांना दिली, फळ्याला टेकून मला उभं केलं. कारण मॅडम बाहेरगावच्या, गावचा तंटा गावच्याच माणसाशी पाहिजे. म्हणून वर्गाच्या बाजूनं मी. नऊच्या बाजूनं म्हणा.

इथं आप्पांच्या निकालांबद्दल सांगितलं पाहिजे, नाहीतर मी पुढं जे केलं ते तुम्हाला आगाऊपणा वाटेल.

आप्पा प्रत्येक निकाल निम्मा-निम्मा देतात. दुसरा निकाल त्यांना माहीतच नाही. पूर्वी वरच्या आळीत आणि खालच्या आळीत एसटीच्या थांब्याला नाव कुणाचं द्यायचं यावरून वाद होता. आप्पांनी पत्र्याच्या एका बाजूला वरच्या आळीचं नाव लिहिलं, दुसऱ्या बाजूला खालच्या. तेव्हापासून आमची माणसं सकाळी एका गावातून निघतात आणि संध्याकाळी दुसऱ्या गावात उतरतात. कोंबड्याचा वाद आला तेव्हा ठरलं की कोंबड्यानं आरवायचं एकाच्या दारात आणि झोपायचं दुसऱ्याच्या. कोंबड्यानं ते दोन दिवस पाळलं म्हणतात.

म्हणजे आमच्या तंट्याचा निकाल काय लागणार हे मला आप्पा बसायच्या आधीच दिसत होतं. एक रविवार वर्गाचा, एक रविवार ट्रेकरांचा. सगळे खूश. आणि एक रविवार बुडाला की केंद्र नसरापूरला, आणि नसरापूर अंगणातून दिसत नाही.

म्हणजे मला जिंकायचं नव्हतं. जिंकले काय, हरले काय, निकाल निम्माच. मला एवढंच पाहिजे होतं की निकाल लागूच नये. कारण समितीचा एक पक्का नियम आहे, आणि तो आप्पा कुणाच्या बापासाठी मोडत नाहीत: निकाल लागेपर्यंत जैसे थे. ज्याच्या ताब्यात जागा, त्याच्याच ताब्यात.

"बोल पोरी," आप्पा म्हणाले. "तुजं काय म्हननं?"

"आप्पा, काका म्हणतात दोघांच्या मध्ये जागा आहे. मी म्हणते नाही. बांधाचा वाद आला की तुम्ही काय करता?"

बांधाचा वाद म्हटल्यावर सगळी समिती सावरून बसली. पूर्वी आमच्याकडं कुणी शेजाऱ्याचा बांध कोरला की दोघंही कागद घेऊन भांडायचे. आप्पा कागद बघायचे नाहीत. जो म्हणतो जागा आहे, त्यानं रानात येऊन पाय ठेवून दाखवायची. जिथं दुसऱ्याचं पीक उभं आहे ती जागा मोकळी धरायचे नाहीत. मोकळी निघेल तेवढीच निम्मी-निम्मी.

"जाग्यावर दावायची," आप्पा म्हणाले.

"मग काकांनी दाखवावी. दारापासून समोरच्या भिंतीपर्यंत एक. आख्खं समाजमंदिर म्हणजे एक. मी भिंतीकडं चालत येते. दर खेपेला उरलेल्या जागेचे दहा भाग करायचे, त्यातले नऊ चालायचे. काकांनी भिंतीला लागून काहीही ठेवावं. माझा एकही आकडा त्याच्या जागेत शिरला नाही, तर फरक आहे. शिरला, तर ती जागा मोकळी नव्हती."

समितीनं एकमेकांकडं बघितलं. एवढा समजण्यासारखा तंटा त्यांच्याकडं पूर्वी आला नव्हता.

मॅडम मागे बसून माझ्याकडं बघत होत्या. तीन आठवडे त्या आम्हाला हेच शिकवत होत्या, फक्त ग्रीक अक्षरात.

मी दारातून निघाले. नऊ भाग चालले आणि खडूची रेघ मारली: पॉइंट नऊ. भिंतीपासून साधारण तीन फुटांवर.

"आता ठेवा काका."

काकांनी आपली चप्पल आणली आणि टाच भिंतीला लावून ठेवली. तीन फूट कुठं आणि चप्पल कुठं. काकांनी गावाकडं बघितलं. गाव म्हणजे तोपर्यंत खिडक्यांत जमलेलं.

मी उरलेल्या तीन फुटांतले नऊ भाग चालले. दोन नऊ. रेघ बरोबर चपलेच्या टाचेखाली आली.

"घुसली!" खिडकीतून कुणीतरी ओरडलं.

"ह्ये तर मोठं झालं," काका म्हणाले, आणि खिशातली काडेपेटी काढून एक काडी भिंतीला लावली. तीन नऊ काडीच्या अलीकडं थांबले. काका खूश. चार नऊ काडीच्या पोटात गेले. काका गप्प.

"सुई," ठकुआज्जी पिशवी उघडत म्हणाल्या. त्या समितीच्या सभासद, त्यांनी खरं तर तटस्थ राहायला पाहिजे होतं. "शिवायची बारीक सुई हाय. ही घ्या."

सुई भिंतीला लावली. आता मोठा प्रश्न आला, कारण पाच नऊंची रेघ मारायला खडू जाड पडत होता.

"रेघ कुठं हाय?" आप्पांनी वाकून विचारलं.

"आहे आप्पा. दिसत नाही."

"दिसत न्हाई म्हंजी न्हाई."

"तुमच्या रानाचा बांध सरकारी नकाशावर कुठं दिसतो? म्हणून नाही का?"

आप्पांना हे थेट काळजाला लागलं. त्यांचा बांध नकाशात खरंच दिसत नाही आणि त्यावरून त्यांनी मोजणीवाल्याला दोनदा चहा पाजला आहे. "बराबर हाय," ते म्हणाले. "नकाशा मोठा काढायचा."

मग आम्ही नकाशा मोठा काढला. शेवटचा इवलासा तुकडा घ्यायचा आणि त्यालाच आख्खं समाजमंदिर समजायचं. सुईसुद्धा त्याच पटीत मोठी करायची. सुईच्या जागी अमृतला, पाय भिंतीला लावून, आडवं झोपवलं. तो आधीच लाजेनं आडवा पडल्यात जमा होता. मी पुन्हा दारातून चालत निघाले आणि पाच नऊ बरोबर अमृतच्या पोटावर येऊन थांबले.

"ह्याच्या पोटात घुसली," कोंडिबानाना गंभीरपणे म्हणाले.

"केस," ठकुआज्जी म्हणाल्या.

आता केस कुणाचा बारीक यावरून समितीतच तंटा व्हायची वेळ आली. शेवटी आज्जींनी आपला पांढरा केस उपटून दिला आणि "माझ्या आईपास्नंचा बारीक केस हाय" असं प्रशस्तिपत्रही दिलं. सहा नऊ. केसात घुसले.

काका घामाघूम झाले होते, पण त्यांनी हार मानली नाही. तीच माझी आशा होती.

"ह्याहून बारीक वस्तू हाय," काका म्हणाले. "आत्ता जवळ न्हाई. आनतो."

तेवढ्यात मॅडम उठल्या. "अहो, कितीही बारीक आणलं तरी तेच होणार. हे एकदाच सगळ्यांसाठी सिद्ध करता येतं. समजा तुम्ही दिलेली जाडी..."

"मॅडम," मी त्यांच्या कानाशी गेले. "सिद्ध करू नका."

मॅडमनी माझ्याकडं असं बघितलं जसं मी त्यांना स्कूटी उलटी चालवायला सांगितलं होतं.

"का?"

"सिद्ध झालं की निकाल लागेल. निकाल लागला की निम्मा रविवार."

मॅडम गणिताच्या असल्यामुळं त्यांना दोन वाक्यं पुरली. त्या खाली बसल्या. त्यांना किती त्रास झाला हे मला दिसलं. पुरावा हातात असून गप्प बसणं हे मॅडमसाठी शिंक दाबण्यासारखं होतं.

"मग पुढची तारीख," आप्पा म्हणाले. हे वाक्य त्यांनी आयुष्यभर टीव्हीवर ऐकलं होतं आणि आज पहिल्यांदा स्वतः म्हटलं. "येत्या रविवारी. सावळाराम बारीक वस्तू आनंल. तवर जैसे थे."

पुढच्या रविवारी वर्ग झाला. त्याच्या पुढच्याही. आधी वर्ग, मग तंटा, असा क्रम बसला. काका कोळ्याच्या जाळ्याचा धागा काडीला गुंडाळून घेऊन आले. सात नऊ पुरले. मग कांद्याचा पापुद्रा सोलून सोलून असा आणला की त्यातून पलीकडच्या ठकुआज्जी दिसत होत्या. जाळ्यापुढं तो म्हणजे घोंगडी निघाला. एकदा उदबत्तीचा धूर आणला, तो भिंतीला लावेपर्यंत सगळ्यांना ठसका लागला आणि समितीनं धूर वस्तू धरायला नकार दिला.

गाव दोन भागांत वाटलं गेलं. नऊवाले, म्हणजे माझ्या बाजूचे, आणि एकवाले, म्हणजे काकांच्या. डेअरीत दूध घालायच्या रांगेत लोक विचारायचे, "किती नऊ झाले?" कोंडिबानानांनी मापात डोळा घालून बघायची जुनी सवय सोडली आणि म्हणायला लागले, "जाऊ दे, गेलंच एक-दोन नऊ." खालच्या आळीतल्या एकानं लग्नाचा मुहूर्त चुकला तेव्हा भटजींना सांगितलं की उशीर कितीही बारीक असला तरी त्यात आकडा घुसतो, म्हणजे उशीर झालाच नाही. भटजींनी अंतरपाट धरला.

आणि काकांचं काय झालं, तर काका बदलायला लागले. आधी ते वस्तू ठेवून माझ्याकडं बघत बसायचे. मग मी बोलायच्या आधी स्वतःच म्हणायला लागले, "ह्याला आठ लागतील." एकदा मी आठ म्हटलं तर म्हणाले, "नीट बघ, सातातच काम हुतंय," आणि सातातच झालं. वर्ग सुरू असताना ते लवकर येऊन मागच्या भिंतीशी बसायचे. मॅडम काही विचारायच्या आणि आम्ही गप्प असलो की मागून आवाज यायचा, "आरं, नकाशा मोठा काढा की."

"बाबा, तुम्ही घरी जा ना," अमृत एकदा कळवळून म्हणाला.

"तंटा हाय माजा," काका म्हणाले. "तारीख सोडून जाऊ व्हय?"

असं सगळं छान चाललं होतं. मार्च लागला. आणि मग एका रविवारी काका मूठ आवळून आले.

खिडक्या भरल्या होत्या. आप्पांनी विचारलं, "काय आनलं?"

काका भिंतीपाशी गेले. भिंतीला मूठ टेकवली आणि हळूच उघडली. हातात काहीच नव्हतं.

"ह्ये बसतंय," काका म्हणाले. "मधी ह्ये एवढंच बसतंय."

खिडक्यांतली डोकी आणखी आत आली.

"म्या लई हिंडलो," काका म्हणाले. त्यांचा आवाज कधी नव्हे तो बारीक झाला होता. "रानात हिंडलो, गडावर जाऊन आलो, गिऱ्हाइकाच्या पिशव्या बघितल्या. ज्ये आनीन त्यात ती घुसती. घुसनारच. म्या वस्तू आनली की पोरगी आकडा वाढवती, तिला आकडे कमी पडत न्हाईत. फरक असता तर येक तरी वस्तू बसली असती. बसती ती ही मोकळी मूठच. म्हंजी मधी काईच न्हाई. म्हंजी दोगं न्हाईतच. येकच हाय."

मॅडमच्या हातातला खडू मोडला. त्या उभ्या राहिल्या, आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांनी आजवर शिकवलेलं सगळं एका माणसाच्या रिकाम्या हातात उलगडलं होतं. वर्गानं टाळ्या वाजवल्या. खिडक्यांनी वाजवल्या. अमृतनं मान वर काढली, आणि मी बघितलं, तो बापाकडं असा बघत होता जसा तो आजपर्यंत फक्त क्रिकेटवाल्यांकडं बघत आला होता.

मीही टाळ्या वाजवत होते. मग मला आप्पा दिसले. आप्पा टाळ्या वाजवत नव्हते. ते सदरा सारखा करत होते.

"म्हंजी तंटा मिटला," आप्पा म्हणाले. "लई ग्वाड झालं. आता जागेचं बघू. सावळाराम, जागा सोडतोस?"

"गनित खरं हाय आप्पा," काका म्हणाले. "पन गिऱ्हाईकबी खरं हाय."

"बराबर. मग एक रविवार वर्गाचा, आन् एक रविवार..."

माझ्या डोळ्यांपुढं अंगणात उभे असलेले दादा आले, कपाळावर हात धरून.

"आप्पा," मी म्हणाले. "तंटा मिटला नाही."

आप्पा थांबले. सगळेच थांबले.

"मला पटत नाही," मी म्हणाले. "काका म्हणतात एकच आहे. मी म्हणते नाही. पॉइंट नऊ नऊ नऊ वेगळा आणि एक वेगळा. मध्ये फरक आहे."

ठकुआज्जींचं विणकाम हातातच राहिलं. मॅडमनी डोळे मिटले.

"आगं," काका म्हणाले. "आगं तूच. तूच मला म्हैने म्हैने..."

"तेव्हा पटत होतं. आता शंका आली."

"कसली शंका?"

"आहे एक."

काकांनी माझ्याकडं बघितलं. मग आप्पांकडं बघितलं. मग बाहेर, जिथं त्यांची चार गिऱ्हाइकं गडावरून उतरून घोट्यापर्यंत मातीनं लाल होऊन उभी होती. काका साधे नाहीत. शनिवार-रविवारच्या धंद्यात माणूस साधा राहत नाही. माझा डाव त्यांच्या लक्षात आला हे मला त्यांच्या डोळ्यांत दिसलं. आता त्यांनी फक्त एवढंच म्हणायचं होतं की पोरगी उगाच बोलतीय, हिचं मनावर घेऊ नका. एवढ्यानं निकाल लागला असता.

पण ते म्हणाले, "शंका? आरं, शंका कशी ऱ्हाईल? सरळ तर हाय!"

"मला नाही सरळ वाटत."

"बस खाली. बस तू. खडू कुठं हाय?"

"गिऱ्हाईक थांबलंय तुमचं," कोंडिबानाना म्हणाले.

"गोठ्यात झोपू दे त्यास्नी. गार हाय गोठाबी." काकांनी अमृतला हाताच्या खुणेनंच गिऱ्हाइकांना थोपवायला बाहेर पाठवलं आणि फळ्यापाशी गेले. त्यांनी आयुष्यात फळ्यावर पहिल्यांदा लिहिलं. शून्य, मग टिंब, मग नऊ, नऊ, नऊ. नऊ जरा मोठे आले आणि फळा संपला, तेव्हा ते भिंतीवर लिहायला लागले. "ह्ये बघ. तू काय आनशील ते आन. काय आनशील?"

"चप्पल," मी म्हणाले.

गाव हसलं. काका हसले नाहीत. ते गुडघ्यावर बसले आणि मला पहिल्यापासून समजावायला लागले, चप्पल, काडी, सुई, न चुकता, आणि मधेच मॅडमकडं बघून विचारायचे, "बराबर चाललंय न्हवं बाई?" मॅडम मान हलवायच्या. मी दर खेपेला म्हणायचे, "तरीपण." काका पुन्हा सुरू.

आप्पांनी थोडा वेळ ऐकून घेतलं. मग समितीकडं वळून हलक्या आवाजात विचारलं, "म्हंजी तंटा हाय?"

"हाय की," ठकुआज्जी म्हणाल्या. "लई मोटा हाय."

"मग पुढची तारीख." आप्पांना आनंद लपवता येईना. "तवर जैसे थे."

लोक पांगले. काकांनी जाताना मला बजावलं, "रविवारी नीट तयारी करून ये. उगं तरीपण तरीपण चालनार न्हाई." आणि मग लाल घोट्यांच्या गिऱ्हाइकांना घेऊन गोठ्याकडं गेले. वाटेत ते त्यांनाही समजावत होते. त्यातला एक जण इंजिनियर असावा, तो वाद घालत होता. काकांचा आवाज वळणापर्यंत ऐकू येत होता.

मॅडम हेल्मेट घेऊन माझ्याजवळ आल्या.

"वैष्णवी, तुला खरंच वाटतं की ते सारखे नाहीत?"

"एप्रिलपर्यंत वाटेल मॅडम. परीक्षेपर्यंत."

मला वाटलं, आता मॅडम तेच वाक्य त्याच आवाजात पुन्हा विचारणार. पण त्यांनी पर्समधून पेन काढलं.

"मग नीट वाटू दे," त्या म्हणाल्या. "चपलेवर भागणार नाही. सावळारामकाका आता पक्के झाले आहेत, पुढच्या रविवारी तुला एका वाक्यात गुंडाळतील. जगातल्या हुशार माणसांना या समीकरणावर काय काय शंका आल्या, त्यातल्या तीन सांगते. तिन्हींची उत्तरं आहेत, पण ती सापडायला काकांना एकेक आठवडा लागेल. लिहून घे."

आणि मॅडमनी, स्कूटीला टेकून, हेल्मेट घातलेल्या अवस्थेत, मला खोट्या बाजूनं कसं बोलायचं ते शिकवलं. ते आतापर्यंतचं सगळ्यात अवघड गणित होतं. मला ते पहिल्या खेपेला समजलं.